सिलिंडर-शीर्षाचे यंत्रण

सिलिंडर-शीर्षाचे यंत्रण : अंतर्ज्वलन-एंजिनातील सिलिंडरांचे वरचे तोंड बंद करणाऱ्या शीर्षाची तळबाजू तासून ज्वलनकोठीचे घनफळ घटविण्याची व संपीडन गुणोत्तर वाढविण्याची प्रक्रिया. कार्यशाळांतून तिला ‘हेड कापणे’ म्हणतात. वाकलेले अथवा गंजाने खड्डे पडलेले शीर्ष सपाट करण्यासाठीही हीच क्रिया करतात. तेव्हा गुणोत्तरातील वाढ हा केवळ आनुषंगिक परिणाम असतो.

तत्त्व : दट्ट्या धावेच्या तळाशी असताना सिलिंडरातील एकूण घनफळास, तो माथ्याशी असताना उरणाऱ्या घनफळाने भागले असता संपीडन गुणोत्तर मिळते. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी ही मोटरगाडी २०२३ पर्यंत त्या शहरात टॅक्सी म्हणून वापरात होती. तिच्या चार सिलिंडरी एंजिनाचा सिलिंडर-व्यास ६८ मिमी. व धाव ७५ मिमी. होती, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात दट्ट्याच्या धावेचे घनफळ सु. २७२ घ. सेंमी. होते. गणितापुरते मूळ गुणोत्तर ७.५ धरल्यास माथ्याशी सु. ४१.९ घ. सेंमी. जागा उरते. कोठीच्या तोंडाचे क्षेत्रफळ ३० चौ. सेंमी. मानल्यास १ मिमी. धातू तासल्याने ३ घ. सेंमी. घनफळ घटते व गुणोत्तर सु. ८ होते. त्यामुळे आदर्श ऑटो आवर्तनाची कार्यक्षमता सु. ५५.३ टक्क्यांवरून ५६.५ टक्क्यांवर जाते. तेवढ्याच इंधनापासून सिद्धांततः सु. २ टक्के अधिक कार्य मिळते. लाभ खरा, पण बेताचाच असतो.

कृती : झडपा काढून शीर्ष स्वच्छ करतात व सरळपट्टीने त्याची सपाटी तपासतात. प्रत्येक कोठीवर पारदर्शक पट्टी बसवून ब्युरेटमधून तेल सोडतात व घनफळ मोजतात. त्यावरून कापाची खोली ठरते. चक्री कर्तन यंत्राने अथवा शाणन यंत्राने पातळ थर काढीत जातात. शेवटी नवे गॅस्केट घालून बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळतात.

मर्यादा : शीर्ष खाली आल्याने झडप व दट्ट्या यांतील अंतर कमी होते. ढकलदांड्यांच्या रचनेत झडपांचे मुक्तांतर पुन्हा जुळवावे लागते. कॅम-दंड शीर्षावर असल्यास झडपांच्या उघडझापीची वेळ बदलते. जलमार्गावरील भिंत पातळ झाल्यास शीर्षाला तडा जाण्याचा धोका असतो. सर्वांत मोठी मर्यादा इंधनाची होय. दाब व तापमान वाढल्यावर न जळलेले मिश्रण आपोआप पेटून ठोके पडतात. ते चालू राहिल्यास दट्ट्या वितळू शकतो. ठिणगीची वेळ मागे घेतल्यास ठोके थांबतात, पण मिळालेला लाभही बव्हंशी जातो. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. २०२० साली लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकात साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन अंक ९१ आहे. संपीडित नैसर्गिक वायूचा ऑक्टेन अंक सु. १२० असल्याने त्याला उच्च गुणोत्तर मानवते.

डीझेल एंजिने : यांचे गुणोत्तर मुळातच १५ ते २२ असते; ते वाढविण्यासाठी शीर्ष कापीत नाहीत. वसई, अर्नाळा यांसारख्या बंदरांतील मच्छीमार नौकांवर डीझेल एंजिने असतात. अशा एंजिनांत खाऱ्या पाण्याने वा अतितापाने शीर्ष बिघडल्यास सपाटीपुरताच थर काढून, दट्ट्या व शीर्ष यांतील अंतर जाड गॅस्केटने पूर्ववत करतात. तासलेला धातू परत बसविता येत नाही. म्हणून प्रथम मोजमाप व मग काप, हाच क्रम सुरक्षित ठरतो. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].