म्हाताऱ्या मांजराच्या ताटलीत काय असावे?

घरातले मांजर साधारण सातव्या वर्षी मध्यम वयात शिरते आणि दहा वर्षे ओलांडली की पशुवैद्यक त्याला वृद्ध मानतात. रस्त्यावरच्या धोक्यांपासून दूर असलेली, लसी वेळच्या वेळी घेतलेली मांजरे आता पंधरा-सोळा वर्षे सहज जगतात, काही त्याहूनही अधिक. म्हणजे आयुष्याचा मोठा हिस्सा म्हातारपणातच जातो. या काळातला आहार मात्र बहुतेक घरांत दोन समजुतींवर ठरतो. म्हातारपणी सगळे कमी आणि हलके द्यावे, ही एक. पाकिटावर ‘सीनिअर’ असे छापलेले असले की काम झाले, ही दुसरी. मांजराच्या बाबतीत या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि पहिली तर सरळसरळ अपायकारक आहे.

माणसाची उष्मांकांची गरज वयाबरोबर घटत जाते, कुत्र्याचीही तशीच. मांजराचे तसे नाही. सात ते अकरा या वर्षांत त्याची हालचाल मंदावते, गरज थोडी कमी होते आणि खाणे तेवढेच राहिल्याने पोट सुटते. या वयात मोजून घालणे योग्यच. बाराव्या वर्षाच्या आसपास मात्र चित्र उलटते. बारा वर्षांवरील सुमारे एक तृतीयांश मांजरांना स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत आणि चौदा वर्षांवरील पाचातल्या एकाला प्रथिनेही पूर्वीसारखी पचत नाहीत. खाल्लेले अंगी लागत नाही, वजन उतरू लागते. त्यातही चरबीआधी स्नायू झिजतात. पाठीवरून हात फिरवला तर कण्याचे मणके बोटांना एकेक लागतात, खांद्याची हाडे वर आल्यासारखी दिसतात, मांड्या बारीक होतात. पोट मात्र लोंबत असते, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला मांजर गुबगुबीतच वाटते. अशा मांजराला ‘हलके’ खाणे देणे म्हणजे त्याची झीज वाढवणे.

झीज थांबवण्याचे मुख्य साधन म्हणजे प्रथिने, आणि तीही प्राणिज. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याचा रानटी पूर्वज उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशात उंदीर मारून जगत होता. एका उंदरातून सुमारे ३० उष्मांक मिळतात. दिवसाला आठ-दहा उंदीर, म्हणजे आठ-दहा लहान जेवणे. उंदरात प्रथिने भरपूर, चरबी बऱ्यापैकी, पिष्ट पदार्थ जवळजवळ नाहीत आणि पाणी सुमारे ७० टक्के. मांजराचे यकृत याच शिध्यावर घडले आहे. प्रथिने मोडून ऊर्जा मिळवणारी त्याची विकरे सतत चालू असतात. खाण्यात प्रथिने कमी पडली म्हणून ती आपला वेग फारसा आवरू शकत नाहीत. मग ती स्वतःच्या स्नायूंवर हात घालतात.

यात टॉरिन या घटकाची गोष्ट मोलाची आहे. बहुतेक प्राणी ते शरीरात पुरेसे बनवतात, मांजराला मात्र ते मांस-मासळीतूनच मिळवावे लागते. ते कमी पडले तर डोळ्यांचा पडदा खराब होऊन अंधत्व येते, हे १९७० च्या दशकात कळले. हृदयाचे कळले ते १९८७ मध्ये. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात पॉल पियॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मांजरांचे हृदय फुगून निकामी होण्याचा एक सर्रास आढळणारा आजार टॉरिनच्या अभावाने होतो, आणि टॉरिन दिले की हृदय पुष्कळसे सुधारते. हा आजार झालेली बरीच मांजरे चांगल्या दुकानातले तयार खाद्य खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि हा आजार दुर्मीळ झाला. टॉरिनप्रमाणेच अ जीवनसत्त्वही मांजर गाजर-भोपळ्यातून तयार करू शकत नाही.

हे सगळे लक्षात घेतले की मराठी घरांतल्या दूधभाताचा हिशेब मांडता येतो. चार किलोच्या मांजराला दिवसाला सुमारे २०० ते २५० उष्मांक लागतात आणि म्हातारपणी स्नायू टिकवायचे तर वजनाच्या दर किलोमागे पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वीसेक ग्रॅम प्रथिने हवीत. शंभर ग्रॅम भात आणि शंभर मिलिलिटर दूध यांतून दोनशेच्या जवळपास उष्मांक मिळतात. पोट भरते, पण प्रथिने जेमतेम सहा ग्रॅम आणि टॉरिन नावापुरते. शिवाय मोठ्या वयाच्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. मांजर दूध आवडीने पिते ते त्यातल्या स्निग्धांशासाठी. गोड चव तर त्याच्या जिभेला कळतच नाही. तरुण मांजर दूधभातावर निभावते, कारण उरलेले ते बाहेर उंदीर-पाली-पाखरे मारून भरून काढते. गुडघे दुखणारे, उडी न मारणारे म्हातारे मांजर शिकार करत नाही. त्याची सारी मदार ताटलीवर असते. म्हणून शाकाहारी घराने मांजर पाळले असेल तर निदान तयार, संपूर्ण मांसाहारी खाद्य त्याला द्यायलाच हवे. यात तडजोडीला जागा नाही. ती तडजोड मांजराच्या हृदयाला आणि डोळ्यांना भोगावी लागते.

किनारपट्टीवर प्रश्न वेगळा असतो. तिथे मांजराला मासळीची डोकी, काटे, आतडी मिळतात. मासळीत प्रथिने आणि टॉरिन चांगले असते, पण नुसत्या मासळीवर ठेवलेले मांजर आजारी पडते. काही जातींच्या कच्च्या माशांतले एक विकर बी-१ जीवनसत्त्व नष्ट करते. ते कमी पडले की मान खाली झुकते, तोल जातो, झटके येतात. मासे शिजवले की हे विकर निकामी होते. तारली-बांगड्यासारखी तेलकट मासळीच सतत दिली आणि ई जीवनसत्त्व कमी पडले, तर अंगातली चरबी सुजून दुखू लागते. सुकट, जवळा यांत क्षार एकवटलेले असतात आणि खारवलेल्या सुक्या बांगड्यात मीठ भरपूर. म्हाताऱ्या मूत्रपिंडांना हे दोन्ही जड. आठवड्यातून एक-दोनदा शिजवलेली, काटे काढलेली ताजी मासळी हरकत नसलेली चैन आहे.

चिकन उकडून देणाऱ्या घरांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. टॉरिन उकळत्या पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी फेकून न देता मांसावरच ओतावे. आणि हाड नसलेल्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरापट किंवा त्याहूनही जास्त असतो. महिनोन्‌महिने फक्त तेच दिले तर शरीर हाडांतले कॅल्शियम काढू लागते. घरचेच खाणे द्यायचे असेल तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची मात्रा पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावी. कलेजी रोज देऊ नये. अ जीवनसत्त्व अंगात साठून मानेची हाडे जखडतात. रश्श्यातले मटण तर अजिबात नको. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, मग तो कच्चा असो, तळलेला असो की कांदा-लसूण मसाल्यातला.

आता मूत्रपिंडांकडे. दहा वर्षांपुढच्या मांजरांपैकी ३० ते ४० टक्क्यांना मूत्रपिंडांचा जुनाट आजार असतो आणि पंधरानंतर हे प्रमाण आणखी वाढते. म्हाताऱ्या मांजराच्या आहारात सर्वांत जास्त विचार लागतो तो इथे. आजार गुपचूप वाढतो. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोवर मूत्रपिंडांची पाऊणएक क्षमता संपलेली असते. एसडीएमए नावाची तपासणी बरीच आधी इशारा देते. घरात दिसणारी खूण साधी आहे: मांजर पाण्याच्या भांड्याशी वारंवार दिसते आणि मातीच्या ट्रेमधले ओले गोळे मोठे होतात.

या आजारात प्रथिने बंद करावीत असा सल्ला अजूनही ऐकू येतो. खरा वैरी फॉस्फरस आहे. मूत्रपिंडे तो बाहेर टाकू शकत नाहीत, तो साठतो आणि उरलेल्या मूत्रपिंडाचे नुकसान करतो. मूत्रपिंडांसाठीच्या खास खाद्यात फॉस्फरस बराच कमी, प्रथिने मर्यादित पण उत्तम प्रतीची आणि माशाच्या तेलातील ओमेगा-३ अधिक असते. आजाराच्या दुसऱ्या टप्प्यापासून हे खाद्य दिलेली मांजरे अधिक जगतात, हे अभ्यासांत दिसले आहे. पण निरोगी म्हाताऱ्या मांजराला ‘खबरदारी म्हणून’ ते देऊ नये, कारण तिथे प्रथिनांची कपात स्नायूंवर बेतते. आणि मांजराला मळमळत असताना, सलाइन चालू असताना नवे खाद्य पुढे ठेवू नये. आजारपणाशी जोडलेला वास मांजर विसरत नाही आणि ते खाद्य कायमचे नाकारते. तब्येत सावरल्यावर, घरी, थोडे थोडे द्यावे.

पाण्याचा मुद्दा निरोगी मांजरालाही तितकाच लागू आहे. कोरड्या प्रदेशातल्या पूर्वजाकडून त्याला मंद तहान मिळाली आहे. पाणी खाण्यातूनच यावे अशी शरीराची अपेक्षा असते. कोरड्या दाण्यांत पाणी फक्त आठ-दहा टक्के, ओल्या पाऊच-डब्यांत ७५ ते ८० टक्के. दाणे खाणारे मांजर वरून पाणी पिऊनही ही तूट पूर्ण भरून काढत नाही. म्हणून दहा वर्षांपुढे निदान अर्धे खाणे ओले असावे. म्हाताऱ्या मांजरांत सर्रास असलेला बद्धकोष्ठही त्याने कमी होतो. ओले खाद्य खिशाला जड असेल तर दाण्यांत कोमट पाणी किंवा बिनमिठाचे चिकन उकडलेले पाणी घालून ते मऊ करून द्यावेत. उन्हाळ्यात असे भिजवलेले खाणे तासाभरापेक्षा जास्त उघडे ठेवू नये.

पाकिटावरचा ‘सीनिअर’ हा शब्द किती भरवशाचा? अमेरिकेतील ॲफको ही संस्था पशुखाद्याचे निकष ठरवते आणि जगभरच्या बऱ्याच कंपन्या ते पाळतात. तिच्याकडे पिल्लांसाठी एक आणि प्रौढांसाठी एक निकष आहे. वृद्ध मांजरांसाठी स्वतंत्र निकषच नाही. त्यामुळे एका कंपनीचे ‘सीनिअर’ खाद्य प्रथिने वाढवलेले असते, दुसरीचे कमी केलेले. पुढच्या चित्राऐवजी मागचा बारीक मजकूर वाचावा. ‘संपूर्ण व समतोल’ असे लिहिलेले आहे का, की ते नुसते पूरक खाद्य आहे, हे आधी पाहावे. ग्रेव्हीचे बरेच पाऊच पूरकच असतात. मग प्रथिने पाहावीत, पण पाणी वजा करून. डब्यावर १० टक्के प्रथिने आणि ८० टक्के पाणी लिहिले असेल तर उरलेल्या २० भागांत १० भाग प्रथिने आहेत, म्हणजे निम्मी. दाण्यांच्या पाकिटावर ३० टक्के प्रथिने आणि १० टक्के पाणी असेल तर ९० भागांत ३०, म्हणजे एक तृतीयांश. वरवर तिप्पट दिसणारे खाद्य प्रत्यक्षात मागे पडते. फॉस्फरसचा आकडा बहुधा छापलेला नसतो. तो कंपनीकडे मागता येतो, आणि जी कंपनी तो देत नाही तिचे खाद्य म्हाताऱ्या मांजरासाठी न घेणे बरे.

दोन आजारांत आहाराचा निर्णय पूर्णपणे डॉक्टरांवर सोपवावा. थायरॉइड वाढलेले मांजर हावरटासारखे खाते आणि तरी वाळत जाते. हा आजार १९७९ मध्ये प्रथम नोंदला गेला. त्यासाठी आयोडीन कमी केलेले खाद्य मिळते, पण त्यासोबत दुसरा एक घासही चालत नाही. मधुमेहात पिष्ट पदार्थ कमी आणि प्रथिने जास्त हवीत. मात्र इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता खाणे बदलले तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते.

योग्य खाद्य निवडूनही ताटली भरलेलीच राहते, असे पुष्कळदा होते. मांजर आधी वासाने खाते आणि वयाबरोबर वास घेण्याची शक्ती मंदावते. फ्रिजमधले खाणे अंगाच्या उबेइतके कोमट केले की वास सुटतो. हिरड्या सुजल्या असतील तर मांजर ताटलीपाशी येते, हुंगते, एक दाणा उचलते आणि टाकून मागे सरते. ते नखरे नसून दुखणे असते आणि त्यावर इलाज दातांच्या तपासणीचा. सांधेदुखीमुळे मान वाकवणे जड जाते, तेव्हा ताटली चार-पाच बोटे उंच पाटावर ठेवावी. ती पसरट हवी आणि मांजराला उडी मारावी लागणार नाही अशा जागी हवी. दिवसातून दोनदा भरपूर देण्याऐवजी चार-पाच वेळा थोडे द्यावे. खाद्य बदलायचे असल्यास आठ-दहा दिवस घ्यावेत, आणि चोखंदळ म्हाताऱ्यांसाठी तीन आठवडेही.

‘भूक लागली की खाईल’ म्हणून मांजराला उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ शकते. पूर्ण एक दिवस तोंडाला अन्न लावले नाही तर डॉक्टरांना फोन करावा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. महिन्यातून एकदा मांजराला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे आणि फरक भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावा. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम जाणे म्हणजे दहा टक्के वजन जाणे. तो आकडा दिसला की खाद्याचे नवे पाकीट आणण्याआधी रक्त-लघवीची तपासणी करून घ्यावी.