पेजमेकरमध्ये अडकलेली मराठी

1950 साली खिळे जुळवून छापलेलं मराठी पुस्तक आज हाती लागलं, तर ते वाचायला अडचण येत नाही. कागद पिवळा पडलेला असेल, बांधणी सुटली असेल, पण अक्षर समोर असतं. 1998 सालच्या दिवाळी अंकाची मूळ फाइल मात्र सीडीवर सुखरूप असली तरी आजच्या संगणकावर बहुधा उघडत नाही, आणि उघडलीच तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो. मराठी मुद्रणाची जवळजवळ दोन दशकं अशी अडकून पडली आहेत. त्यांत कथा-कविता आहेत, गावोगावच्या ग्रंथालयांच्या स्मरणिका आहेत, पुन्हा कधीच न छापलेले संशोधनग्रंथ आहेत.

आल्डस कंपनीने 1985 साली पानं लावण्याचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं. 1994 मध्ये ही कंपनी अडोबीत विलीन झाली. नव्वदच्या दशकात आपल्याकडे खिळ्यांचे कंपोझिटर मागे पडले आणि डीटीपी ऑपरेटर आले. मॅटर टाइप करायचं, पेजमेकरमध्ये पानं लावायची, बटर पेपरवर प्रिंट काढायची आणि तिच्यावरून प्लेट करायची, असा तो क्रम. 2001 साली आलेली 7.0 ही पेजमेकरची शेवटची आवृत्ती. त्याआधीच, 1999 मध्ये, अडोबीने इनडिझाइन काढलं होतं. इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या 6.0 आणि पुढच्या फाइली उघडत, पण ती सोय 2012 च्या सीएस-सिक्सपर्यंतच टिकली. लिब्रेऑफिसच्या ड्रॉमध्ये 2015 पासून पेजमेकरची फाइल उघडण्याची सोय आहे, ती मोफतही आहे. तीत पान जसंच्या तसं मिळेल याचा भरवसा मात्र धरू नये.

पण फाइल उघडणं हा अर्धाच प्रश्न. खरी गाठ फॉन्टमध्ये आहे.

पेजमेकरला देवनागरी ठाऊकच नव्हती. त्या काळच्या फॉन्टमध्ये 256 जागा असत, आणि त्यांतल्याही सगळ्या वापरता येत नसत. आपल्या जोडाक्षरांना त्या पुरणं शक्य नव्हतं. म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले: अर्धा ण, काना, रफार, वेलांटी. हे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवले आणि शेजारी शेजारी ठेवून मराठी उमटवली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम, बंगळूरची आकृती, शिवाय कृतिदेव, या सगळ्यांनी आपापल्या पद्धतीने हे साधलं. हे काम करणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत. त्यांच्यामुळेच तालुक्याच्या गावात एका खोलीत बसून पुस्तक उभं करता आलं. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण संकेतन 1991 साली ठरलं होतं, पण फॉन्टमधल्या तुकड्यांची जागा ज्याने त्याने आपली ठरवली. श्री-लिपीत लिहिलेला मजकूर कृतिदेवला कळत नाही, तो यामुळे.

कृतिदेवमधला ‘मराठी’ हा शब्द फॉन्ट काढून पाहिला, तर तिथे ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरं उरतात. म्हणजे संगणकाच्या लेखी तिथे मराठी कधी नव्हतीच. आता ‘निर्णय’ घ्या. जुन्या फॉन्टमध्ये क्रम असतो डोळ्यांना दिसतो तसा: आधी ऱ्हस्व वेलांटी, मग न, अर्धा ण, काना, रफार आणि शेवटी य. युनिकोड या आजच्या सर्वमान्य संकेतनात क्रम उच्चाराचा असतो: न, वेलांटी, र, हलन्त, ण, य. म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणाऱ्या रूपांतरकाला नुसती अदलाबदल करून भागत नाही. वेलांटी उचलून पुढच्या व्यंजनानंतर न्यावी लागते, रफार मागे आणून अक्षराच्या आधी बसवावा लागतो, अर्धा ण आणि काना मिळून एकच अक्षर आहे हे ओळखावं लागतं. जोडाक्षर तीन व्यंजनांचं असेल, तर वेलांटी नेमकी कुठे थांबवायची हेही त्यालाच ठरवायचं असतं.

चांगले रूपांतरक हे बऱ्यापैकी जमवतात. मराठीची खास अक्षरं आली की मात्र चुकतात. ‘आचाऱ्यांना’ लिहिलेलं ‘आचार्यांना’ होऊन बसतं आणि स्वयंपाकी एकदम गुरुजनांत जमा होतो. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीलाही ही चूक सापडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. मजकुरात मधेच आलेला इंग्रजी शब्दही असाच गोत्यात येतो. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये फॉन्टचं नाव उरत नाही, म्हणून रूपांतरक इंग्रजीलाही मराठीचे तुकडे समजून बदलून टाकतो. मजकूर आरटीएफमध्ये काढला तर कोणत्या शब्दाला कोणता फॉन्ट होता हे टिकतं आणि तेवढाच भाग बदलता येतो. एवढ्या एका खबरदारीने तपासणीचे कितीतरी तास वाचतात.

अनेक प्रकाशक म्हणतात, पीडीएफ काढून ठेवली आहे, आता कशाला एवढा खटाटोप? पीडीएफ हवीच. तिच्यात पान जसं छापलं तसं दिसतं. पण जुन्या फॉन्टच्या पीडीएफमधून परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवा, पुन्हा तीच इंग्रजी अक्षरं येतील. तिच्यात ‘कऱ्हाड’ शोधलं तर सापडत नाही. याहून मला जास्त सलतं ते वेगळंच. एनव्हीडीए या मोफत प्रणालीच्या मदतीने संगणक वापरणाऱ्या अंध वाचकाला युनिकोड मजकूर मराठीत ऐकता येतो. जुन्या फॉन्टचं पान लावलं तर त्याच्या कानावर निरर्थक अक्षरं पडतात. पुस्तक समोर असून त्याला ते बंद आहे, आणि हे आपल्याला दुरुस्त करता येण्यासारखं आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे सीडी आणि फ्लॉप्या आजच्या डिस्कवर उतरवून घेणं. दुसरं, जुना संगणक भंगारात न देणं. काही मराठी सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टात लावायच्या हार्डवेअर लॉकशिवाय चालतच नाहीत, आणि तसा पोर्ट नव्या लॅपटॉपवर नसतो. फॉन्टच्या फाइलीही जपायला हव्यात. इनडिझाइनने जानेवारी 2023 पासून टाइप-वन जातीचे फॉन्ट घेणं थांबवलं आहे. त्या काळी पानं लावणाऱ्या ऑपरेटरला गाठता आलं तर फारच उत्तम. कोणत्या अंकाला कोणता फॉन्ट आणि कोणती आवृत्ती होती, हे अनेकदा त्याच्याच डोक्यात असतं. फाइल हाती लागलीच नाही, तर छापील पान स्कॅन करून टेसरॅक्टसारख्या अक्षरओळख प्रणालीला द्यावं. ही प्रणाली मराठी वाचते. छपाई स्वच्छ असेल तर काम पुष्कळ हलकं होतं, पण अनुस्वार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावीच लागतात.

मजकूर नेमका कोणता घ्यायचा, हेही बघावं लागतं. वर्डमध्ये टाइप केलेली फाइल सहज उघडते म्हणून तीच घेण्याचा मोह होतो. पण मुद्रितशोधकाच्या दुरुस्त्या पेजमेकरच्या पानांवर झालेल्या असतात, लेखकाने ऐनवेळी बदललेली वाक्यंही तिथेच असतात. घाईच्या दिवसांत तर शेवटची दुरुस्ती बटर पेपरवर पट्टी कापून चिकटवली जाई, आणि ती कोणत्याच फाइलमध्ये नसते. रूपांतर झाल्यावर छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायची, ती यासाठी.