लिव्हर रायफलसाठी ओतीव गोळी

विंचेस्टर 1894 सारख्या अमेरिकी लिव्हर-ॲक्शन रायफलीत काडतुसे नळीखालच्या लांबट मॅगझिनमध्ये एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकते. ते टोकदार असेल तर धक्क्याने प्रायमर उडू शकतो. म्हणून गोळी सपाट नाकाचीच हवी, इथे तडजोड नाही.

मग येते माप, आणि खरी मेहनत इथेच आहे. जुन्या नळ्या छापील मापाबरहुकूम असतातच असे नाही. तेल लावलेल्या नळीतून मऊ शिशाचा तुकडा हलकेच ठोकत पार केला, की त्यावर नळीच्या आतल्या खाचांचे ठसे उमटतात. तो मायक्रोमीटरने मोजतात. .30-30 काडतुसाच्या रायफलीत हे माप साधारण 0.308 इंच भरते. ओतीव गोळी त्याहून एक-दोन सहस्रांश इंच जाड ठेवतात. सैल गोळीच्या कडेने तप्त वायू निसटतो, शिसे नळीला चिकटते आणि नेम पार बिघडतो.

पूर्ण वेगासाठी गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी वाटी, म्हणजे गॅस चेक, लावतात. वजन 170 ग्रेन, सुमारे 11 ग्रॅम, प्रचलित आहे. काडतुसाची कड गोळीवरच्या खाचेत घट्ट दाबलेली असावी. नाहीतर मॅगझिनच्या स्प्रिंगच्या रेट्याने गोळी आत सरकते.