पदर कोणाचा ?

लुगडें नेसण्याची ढब, गजरा माळण्याची रीत आणि पदर सावरण्याची लकब एके काळीं महाराष्ट्रांतील प्रतिष्ठित घरच्या स्त्रियांनीं एका पुरुषापासून उचलली, हें आजच्या तरुणांस खरें वाटावयाचें नाहीं. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांच्या स्त्रीभूमिकांची मोहिनीच तशी होती. त्यांच्या कलेविषयीं आम्हांस आदरच आहे. प्रश्न आहे तो टाळ्या देणाऱ्या समाजाचा. स्त्रीचें लाजणें, रुसणें, गाणें पुरुषानें रंगभूमीवर दाखविलें तर ती कला. तेंच घरंदाज स्त्रीनें दाखविलें तर कुळास बट्टा! हा न्याय कोणत्या तराजूंत तोलला ?

१८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' नाटक केलें, तेव्हांपासून स्त्रीभूमिका बहुधा पुरुषांनींच कराव्या असा प्रघात पडला. पुढें सत्तर वर्षांनीं, १९१३ सालीं, दादासाहेब फाळके यांस 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटांतील तारामतीसाठीं स्त्री मिळेना; अखेर उपाहारगृहांत स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके यांस लुगडें नेसवावें लागलें. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर' चित्रपटांत मात्र दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या, आणि १९३३ सालच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच वठविल्या. आभाळ कोसळलें नाहीं.

कोणी म्हणेल, हा इतिहास झाला. खरेंच झाला काय ? २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईस भारतीय स्त्रियांनीं क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्यांतील स्मृती मानधना त्याच सांगलींत वाढलेली. स्त्री-पुरुष खेळाडूंस सामन्यागणिक सारखेंच मानधन देण्याचा निर्णय क्रिकेट मंडळानें २०२२ सालींच केला होता. एकदिवसीय सामन्यास ६ लाख रुपये. या विजयाचा आनंद आपण सर्वांनीं केला. पण वाचकहो, आपली बारा-तेरा वर्षांची मुलगी संध्याकाळीं मैदानावर जातें म्हणाली, तर आपल्यापैकीं किती जण निःशंकपणें हो म्हणतील ?

मैदानावर जें, तेंच पेढीवर. मुलगी हिशेब चोख ठेवते, पण पाटीवर अक्षरें 'आणि सन्स' हींच. तिनें गिऱ्हाइकास भाव ठासून सांगितला तर ती उद्धट. भावानें सांगितला तर तो धोरणी! आणि या जाचांतून मुलगेहि सुटलेले नाहींत. नाचाची हौस असलेल्या मुलास आपण 'बायल्या' म्हणून हिणवितों. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनीं बालगंधर्वांस डोक्यावर घेतलें, त्यांनींच हें करावें, हा केवढा विपर्यास!

वडिलोपार्जित मालमत्तेंत हिंदु कुटुंबांतील मुलीस मुलाइतकाच हक्क कायद्यानें २००५ सालीं दिला. दुकानाच्या पाटीवर तिचें नांव घालण्यास तर कोणाच्याच परवानगीची गरज नाहीं. येत्या दिवाळी-पाडव्यास वहीपूजनापूर्वीं रंगाऱ्यास बोलावणें होईलच. तेव्हां एवढें एक नांव अधिक लिहवून घ्यावें.