‘कुली’ : एका इंग्रजी शब्दाचें मूळ

इंग्रजींतील ‘कुली’ हा शब्द आपण इतका सर्रास वापरतों कीं, तो मूळचा आपलाच असावा असें वाटतें. वस्तुतः ओझें वाहणाऱ्यास मराठींत हमाल म्हणतात. तो शब्द अरबी. ‘मजूर’ हा फारसी. ‘कुली’ हा मात्र साहेबी अमदानींत आगगाडीच्या फलाटावर रुळला.

मग साहेबास तो कोठें मिळाला? येथें मुंबईच्या किनाऱ्याचा संबंध येतो. यूल व बर्नेल या विद्वानांनीं १८८६ सालीं ‘हॉब्सन-जॉब्सन’ नांवाचा कोश प्रसिद्ध केला. इंग्रजांच्या बोलण्यांत शिरलेल्या एतद्देशीय शब्दांचा तो संग्रह होय. त्यांचा कल असा कीं, ‘कुली’ म्हणजे पश्चिम हिंदुस्थानांतील कोळी जातीचें नांवच; हे लोक असलीं कामें पूर्वापार करीत, म्हणून नांवाचा धंदा झाला.

हें मत मला पुरतें पटत नाहीं. मार्व्याहून तरीनें खाडी ओलांडून मनोरीस गेल्यास बांबूंवर वाळत घातलेले बोंबील दिसतात. ते ज्या जाळ्यांत सांपडतात त्यास डोल म्हणतात. त्याचें तोंड रुंद व शेपूट निमुळतें असतें. समुद्रतळांत रोवलेल्या खुंटांस तें बांधावयाचें, भरती-ओहोटीच्या ओढीनें मासळी आंत शिरूं द्यावयाची व ओढ फिरण्यापूर्वीं जाळें उपसावयाचें, अशी रीत आहे. होडीवर हुकूम तांडेलाचा. आणि मिळकतीचे वाटे होडीचे, जाळ्यांचे व माणसांचे असे पाडण्याची जुनी वहिवाट. ज्याचा वाटा आहे, तो मजूर कसला? (हल्लीं पगारी खलाशीही असतात, ही गोष्ट निराळी.)

मौजेची गोष्ट अशी कीं, खुद्द त्या कोशांतील एक उतारा माझ्याच बाजूनें बोलतो. सोळाव्या शतकाच्या मध्यास सिमाँव बोतेल्यु या पोर्तुगीज अधिकाऱ्यानें महसुलाची नोंद केली. तींत वसईकडील समुद्रांत खुंटांवर मासे धरणाऱ्या कोळ्यांकडून येणाऱ्या कराचा उल्लेख आहे. मनोरीही त्या काळीं पोर्तुगीज अंमलाखालींच होती. म्हणजे फिरंग्यांच्या दप्तरांत आपला कोळी दिसतो, तो आपल्या धंद्यावर कर भरणारा म्हणून. कोणाचें ओझें उचलणारा म्हणून नव्हे.

दुसरी व्युत्पत्ति तामिळ ‘कूलि’ या शब्दाची. त्याचा अर्थ मजुरी, कामाचा मोबदला, कन्नडांतही तोच. ‘हॉब्सन-जॉब्सन’कारांनीं हीही नोंदविली आहे. मला वाटतें, अर्थ दक्षिणेचा असावा आणि कोळी या नांवाशीं असलेल्या साम्यानें त्यास बळकटी आली असावी. पोर्तुगीज दोन्ही किनाऱ्यांवर वावरत होतेच. चिनी लोकांनीं तर हाच उच्चार लिहिण्यासाठीं ‘कष्ट’ आणि ‘बळ’ या अर्थांचीं दोन अक्षरें योजिलीं!

मूळ कोणतेंही असो, शब्दाची पुढची गति वाईट झाली. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी बंद होतांच, १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध हिंदी मजूर जाऊं लागले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेलीं मराठी कुटुंबेंही होतीं. पोर्ट लुईस येथील त्यांच्या उतरण्याच्या जागेस ‘कुली घाट’ म्हणत. आज तो ‘आप्रवासी घाट’ या नांवानें ओळखला जातो, व २००६ पासून त्याची गणना जागतिक वारशांत होते. १८९३ सालीं दक्षिण आफ्रिकेस गेलेले गांधी तेथें ‘कुली बॅरिस्टर’ ठरले, आणि हिंदी व्यापारी ‘कुली व्यापारी’! ज्यानें जन्मांत कधीं ओझें उचललें नाहीं, त्यासही हा शब्द चिकटला. तो कामाचा न राहतां कातडीचा झाला.

फेब्रुवारी २०१६ मध्यें रेल्वेमंत्री सुरेश प्रभु यांनीं अंदाजपत्रकाच्या भाषणांत स्थानकांवरील कुलींस यापुढें ‘सहायक’ म्हणावें असें जाहीर केलें. महाराष्ट्रानें १९६९ सालींच माथाडी-हमालांसाठीं कायदा केला होता. त्यांत ‘माथाडी’ व ‘हमाल’ हे दोन्ही शब्द आहेत तसेच ठेविले, आणि या कामगारांची नोंदणी, मजुरीचें वाटप व भविष्यनिर्वाह निधि हीं कामें मंडळांकडे सोंपविलीं.