केविन : एका नावाची ओळख

स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू आईवडिलांना प्रथम विचारतात, बालकाचे नाव काय ठेवले आहे? कित्येक कॅथॉलिक घरांतून या प्रश्नाला 'केविन' असे उत्तर मिळते. पण हे नाव कोणत्या संताचे, असे पुढे त्या मुलानेच विचारले, तर आपण निरुत्तर होतो. म्हणून ही थोडक्यात ओळख.

केविन हे आयर्लंडच्या गेलिक भाषेतील नाव. जुन्या आयरिश भाषेत 'कोएम' म्हणजे सौम्य, प्रिय. 'गेन' म्हणजे जन्म. आपल्याकडील 'सुजात' या नावाशी हा अर्थ बराच जुळतो.

संत केविन सहाव्या शतकात होऊन गेले. डब्लिन शहराच्या दक्षिणेस, विक्लोच्या डोंगरांत त्यांनी एकांतवास पत्करला व पुढे मठ स्थापिला. त्या स्थळाचे नाव ग्लेंडलॉक, म्हणजे 'दोन सरोवरांची दरी'. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यातील आम्हां भाविकांना हे नाव जवळचे वाटावे. आख्यायिका अशी की, उपवासकाळात संत हात पसरून प्रार्थना करीत असता एका कस्तूर पक्षिणीने त्यांच्या तळव्यावर अंडी घातली. पिल्ले बाहेर पडेपर्यंत त्यांनी हात हलविला नाही. नावातील सौम्यता त्यांच्या जीवनात अशी उतरली होती.

परंपरेनुसार इ. स. ६१८ मध्ये त्यांचे निधन झाले. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी त्यांच्या संतपदाला मान्यता दिली. त्यांचा सण ३ जून रोजी येतो. त्याच दिवशी सार्वत्रिक ख्रिस्तसभा युगांडाचे हुतात्मे संत चार्ल्स लुआंगा व सहकारी यांचे स्मरण करते. त्यामुळे आपल्या मिस्सामध्ये केविन यांचे नाव सहसा ऐकू येत नाही.

अनेकांना हे नाव १९९० च्या 'होम अलोन' चित्रपटातून किंवा २०११ च्या विश्वचषकात बंगळुरू येथे ५० चेंडूंत शतक ठोकणाऱ्या आयरिश केविन ओब्रायनमुळे परिचित झाले. त्यात गैर काही नाही. नाव संताचेच असावे, असे आजच्या ख्रिस्तसभेच्या कायद्याचे बंधन नाही. ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव देऊ नये, एवढेच कलम ८५५ सांगते. 'सुजात' हेही नाव तितकेच योग्य आहे.

मात्र दिलेल्या नावाचा अर्थ मुलाला सांगणे, हे आईवडिलांचे व धर्ममातापित्यांचे कर्तव्य आहे, असे आम्हांला वाटते. येत्या ३ जूनला कुटुंबप्रार्थनेच्या वेळी आपल्या घरातील केविनला ती पक्षिणीची गोष्ट अवश्य सांगावी.