फ्रीक्स अँड गीक्स

फ्रीक्स अँड गीक्स ही एनबीसी या अमेरिकन दूरचित्रवाहिनीवर २५ सप्टेंबर १९९९ रोजी सुरू झालेली विनोदी मालिका आहे. डेट्रॉइटजवळील चिपेवा या काल्पनिक गावातल्या शाळकरी मित्रमैत्रिणींचे १९८०-८१ या शैक्षणिक वर्षातील जीवन तिच्यात चित्रित झाले आहे. पॉल फीग हे मालिकेचे जनक, तर जड ॲपटाऊ हे कार्यकारी निर्माते होते. मालिकेचे १८ भाग तयार झाले. परंतु १२ भाग प्रसारित झाल्यावरच वाहिनीने ती बंद केली.

कथानक व पात्रे

शाळेच्या शिस्तीत न बसणारी, तास चुकवणारी व रॉक संगीतात रमणारी मुले म्हणजे ‘फ्रीक्स’. विज्ञानकथांत गुंतलेली, व्यायामाच्या तासाला धास्तावणारी मुले म्हणजे ‘गीक्स’. लोकप्रियतेच्या उतरंडीत दोन्ही गट तळाशी आहेत. गणितात हुशार असलेली लिंडसे वीअर (लिंडा कार्डेलिनी) आजीच्या मृत्यूनंतर आपल्या आज्ञाधारक आयुष्याविषयी साशंक होते आणि पहिल्या गटाकडे ओढली जाते. तिचा धाकटा भाऊ सॅम (जॉन फ्रान्सिस डेली) आपल्या दोन मित्रांसह दुसऱ्या गटात आहे. जेम्स फ्रँको, सेथ रोगन, जेसन सीगल, बिझी फिलिप्स, मार्टिन स्टार व सॅम लेव्हिन यांच्याही प्रमुख भूमिका आहेत.

शैली

तत्कालीन विनोदी मालिकांतील ध्वनिमुद्रित हशा येथे नाही. प्रत्येक भागही अर्ध्या तासाऐवजी तासाभराच्या वेळेचा आहे. फीग यांचे बालपण मिशिगन राज्यातच गेले होते. शाळेतील अपमान, फसलेले प्रेम आणि आईवडिलांशी होणारे खटके यांचे चित्रण मालिकेत अतिशयोक्तीविना येते. एका प्रसंगात बिल हा मुलगा शाळेतून रिकाम्या घरी परततो, स्वतःच खायला करून घेतो आणि दूरचित्रवाणीवरील विनोदवीराला पाहून एकटाच खदखदून हसतो. या प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीत. तरी मुलाचा एकाकीपणा आणि त्याने शोधलेला विरंगुळा हे दोन्ही प्रेक्षकाला एकाच वेळी जाणवतात.

समाप्ती

मालिकेला आरंभी शनिवारी रात्री आठची वेळ मिळाली. तरुण प्रेक्षक त्या वेळी सहसा घराबाहेर असतो. बेसबॉल सामन्यांमुळे प्रक्षेपणात खंड पडला आणि पुढे प्रसारणाचा वारही बदलला. पात्रांच्या वाट्याला अधिक यश यावे, अशी वाहिनीची अपेक्षा होती. निर्मात्यांना मात्र पराभव पचवून पुढे जाणारी मुले दाखवायची होती. मालिका बंद होण्याची शक्यता ओळखून अखेरचा भाग आधीच चित्रित करून ठेवण्यात आला. त्यामुळे कथा अर्धवट राहिली नाही. मार्च २००० मध्ये प्रक्षेपण थांबले. उरलेल्या सहांपैकी तीन भाग एनबीसीने जुलैमध्ये एकाच दिवशी दाखवले, तर अन्य तीन त्याच वर्षी फॉक्स फॅमिली वाहिनीवर प्रसारित झाले.

प्रभाव

२००० साली मालिकेला पात्रनिवडीसाठी एमी पुरस्कार मिळाला. तिच्यात वापरलेल्या गाण्यांचे हक्क महाग असल्याने डीव्हीडी संच लांबणीवर पडला. अखेर २००४ मध्ये तो मूळ संगीतासह उपलब्ध झाला आणि मालिकेला नवा प्रेक्षक लाभला. ‘टाइम’ नियतकालिकाने २००७ मध्ये सर्वोत्तम १०० दूरचित्रवाणी कार्यक्रमांत तिची गणना केली. रोगन व सीगल पुढे ॲपटाऊ यांच्या चित्रपटांतून प्रसिद्धीस आले, तर फीग यांनी ‘ब्राइड्समेड्स’ (२०११) दिग्दर्शित केला. अखेरच्या भागात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ दोन्ही गटांतील मुलांना एका टेबलाभोवती आणतो. सॅमची भूमिका करणाऱ्या डेली यांनी २०२३ मध्ये त्याच खेळावरील चित्रपटाचे सहदिग्दर्शन केले. अल्प प्रेक्षकसंख्येमुळे बंद पडलेली ही मालिका आज शालेय जीवनावरील उत्कृष्ट मालिकांत गणली जाते.